बारावीचे मार्क आणि बीएस्सी मॅथ्स
एकांनी लिहिलंय की बारावीला गणितात नव्वदच्या वर असतील तर बीएस्सी मॅथ्स आरामात निघतं. मला हे अजिबात पटत नाही, पोरांना अशा भरवशावर पाठवू नका. बारावीला रीत ओळखा, आकडे घाला, उत्तर काढा, आणि इथे बीएस्सीला रिअल अ‍ॅनालिसिसच्या (कॅल्क्युलसमागचं 'का' सिद्ध करणारा विषय) सुरुवातीलाच सर सांगतात की 1/n ही सिक्वेन्स (1, 1/2, 1/3... अशी संख्यांची रांग) 0 कडे जाते हे सिद्ध करा, सगळा वर्ग म्हणतो त्यात काय, दिसतंय की! पण नुसतं दिसून चालत नाही ना. कितीही लहान पॉझिटिव्ह आकडा, म्हणजे एप्सिलॉन, दिला तरी 1/N त्याहून लहान होईल असा N सापडतोच, हे कशावरून? तिथे आर्किमिडीयन प्रॉपर्टी (कुठल्याही रिअल नंबरपेक्षा मोठा पूर्णांक असतोच) लागते, आणि ती कुठून आली म्हणाल तर रिअल नंबर्सच्या कम्प्लीटनेसमधून, म्हणजे त्यांच्या रेषेत कुठेही फट नाही ह्यातून. एवढं खणायला ज्याला आवडतं त्याला ह्या डिग्रीत खरंच मजा येते.

प्रूफं पाठ करून मार्क मिळतात, बरीच मुलं तेच करतात, पण पुढे आयआयटीची जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा, द्यायची झाली की ते अंगाशी येतं. त्यापेक्षा प्रमेयातली एक अट काढून टाकायची आणि ते कुठे मोडतं त्याचं उदाहरण स्वतः शोधायचं, ही सवय पहिल्या वर्षापासून लावा. आणि एमटीटीएसला, म्हणजे गणिताच्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षण शिबिराला, अर्ज कराच, 1993 पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत होतं, तिथे प्रश्न विचारून विचारून मुलांकडूनच प्रूफ काढून घेतात. माधव कॉम्पिटिशन ह्या कॉलेजच्या मुलांच्या गणित स्पर्धेचे जुने पेपरही सोडवून बघा.