आवणीचे फोटो काढायचेत, पाऊस थांबत नाही. कॅमेरा कसा सांभाळावा?

रानमोगरा
नमस्कार मंडळी. मी मूळची लातूरकडची, यंदा बदली होऊन इगतपुरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आले. आमच्याकडे पाऊस आला की माणसं आडोसा धरतात, इथे पाऊस आला की शेतात उतरतात. शाळेमागच्या खाचरांत सध्या भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू आहे. माझ्याच वर्गातल्या मुलांच्या आया चिखलात ओळीनं वाकलेल्या असतात. एखादीच्या पाठीवर इरलं, बाकी सगळ्यांच्या प्लास्टिकच्या खोळी. फोटो काढू का विचारलं तर "काढा की बाई" म्हणाल्या.

माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि १८-१४०ची लेन्स आहे. छत्री वाऱ्यानं उलटी होते, आणि एका हातात छत्री असली की झूम फिरवता येत नाही. शिवाय मध्येच लेन्सवर धुकं धरतं. रेनकव्हर मागवलं तर इकडे पोचेपर्यंत आवणी उरकेल. घरच्या वस्तूंत काही जमेल का?

बोरघाट
अंघोळीची प्लास्टिकची टोपी कॅमेऱ्यावर चढवा. रिपरिप असेल तर पुरते. पुढेमागे वेदर सील, म्हणजे फटींत पाणी अडवणारं रबर, असलेली कॅमेरा बॉडी घ्या, म्हणजे चिंता मिटेल.

सह्यवारा
ताई, जरूर काढा हे फोटो. आवणीचं काम पावसातच दिसतं, उघडिपीत काढलेल्या फोटोत त्यातलं निम्मं हरवतं. मी मावळात राहतो, दर पावसाळ्यात खाचरांतून फिरतो, आणि तुमच्या कॅमेऱ्यासारखा सील नसलेलाच कॅमेरा वापरतो.

टोपी वाऱ्यात टिकत नाही. पाच किलो तांदळाची असते तशी जाड, पारदर्शक पिशवी घ्या. बंद बाजूच्या एका कोपऱ्याला लेन्सच्या घेरापेक्षा जरा लहान भोक पाडा. लेन्सला हूड, म्हणजे तोंडावरची प्लास्टिकची कड, लावा, ते भोक ताणून हूडवर चढवा आणि वरून पट्टी आवळा. साधं रबरबँड ओलं झालं की सरकतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या ट्यूबची बोटभर रुंद चकती कापून आणा, ती ओल्यातही पकड सोडत नाही. पिशवीचं तोंड खाली राहू द्या, दोन्ही हात तिथूनच आत जातील.

आता व्ह्यूफाइंडर. प्लास्टिकमधून बघितलं तर सगळं धुरकट दिसतं आणि माणूस वैतागून पिशवीच काढून टाकतो. तुमच्या कॅमेऱ्याचा रबरी आयकप वर सरकवून निघतो. तो काढा, व्ह्यूफाइंडरसमोर प्लास्टिकला छोटं भोक पाडा आणि आयकप प्लास्टिकच्या वरून परत बसवा. प्लास्टिक कडेनं दाबून धरलं जातं आणि डोळा थेट काचेला लागतो. फिरणारी स्क्रीन मात्र उलटी वळवून बंदच ठेवा, तिच्या बिजागरीच्या फटीत पाणी साचतं.

लेन्सबद्दल नीट ऐका. १८-१४० झूम केली की नळी बाहेर येते. ती भिजली आणि तशीच आत ढकलली की अंगावरचं पाणी आत घेऊन जाते. त्यातून झूम पुढेमागे करताना लेन्स पंपासारखी बाहेरची दमट हवा ओढते. म्हणून बांधावर उभं राहण्याआधीच ठरवा, ३५च्या आसपास ठेवा, आणि जवळचं हवं असेल तर चालत जवळ जा. झूम करावीच लागली तर नळी आत घेण्याआधी पंच्यानं टिपा. टिपायचं, पुसायचं नाही. पुसलं की पाणी फटीत सरकतं. पंचा गळ्यात असू द्या. पुढच्या काचेसाठी मायक्रोफायबरचं फडकं वेगळं, झिपच्या पिशवीत, खोळीच्या आतल्या खिशात. काचेवर ६७ मिमीचा यूव्ही फिल्टर लावून ठेवा, म्हणजे पुसताना जीव धाकधुक करणार नाही. वाऱ्याकडे पाठ ठेवलीत तर पुसायची वेळ कमी येते.

पाऊस फोटोत दिसायला मागे काळपट काहीतरी हवं, झाडी किंवा डोंगराची सावली. पांढऱ्या आभाळासमोर तो दिसतच नाही. शटर १/६० सेकंदाला ठेवलं तर धारा होतात, १/५००ला थेंब थांबतात. फ्लॅश नको, जवळच्या थेंबांचे पांढरे डाग उमटतात.

धुक्याचं म्हणाल तर त्याला पाऊस कारण नाही. काच थंड आणि भोवतालची हवा उबदार, दमट असली की वाफ काचेवर बसते. एसी गाडीतून उतरलात, किंवा गारठलेला कॅमेरा घेऊन चुलीपाशी चहाला बसलात, की हेच होणार. अशा वेळी कॅमेरा बॅगेत चेन लावून अर्धा तास तसाच ठेवा, आतबाहेरचं तापमान सारखं होऊ द्या. तोवर लेन्स काढायची नाही, नाहीतर तीच वाफ सेन्सरवर बसेल.

घरी आल्यावरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. थेंब दिसतो म्हणून आपण घाबरतो, पण इगतपुरीच्या हवेत सप्टेंबरपर्यंत बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाते. मग साफ करूनही डाग राहतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला फावतं. घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५०च्या दरम्यान हवा. फार कोरडंही नको, रबर कडक होतं. जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओलं झालं की हिरवं पडतं. निळ्यात कोबाल्ट असतं, घरात लहान मुलं असतील तर नकोच. १२० अंशांना दोन-एक तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. तापवायला जुना ट्रे ठेवा, स्वयंपाकाचं भांडं नको. कॅमेऱ्याची बॅग डब्यात घालू नका, ओल तीच धरून ठेवते.

आणि एक. बांध निसरडे असतात आणि नुकतं लावलेलं रोप पायाखाली गेलं तर ते बाईला परत वाकून लावावं लागतं. खाचरात उतरायचं असेल तर अजून आवणी न झालेल्या बाजूनं उतरा.

@बोरघाट, सीलबद्दल थोडं सांगतो. बहुतेक कंपन्या 'वेदर सील' म्हणतात, पण किती पाणी सोसेल याचा आकडा देत नाहीत. २०२२ साली आलेल्या ओएम सिस्टीमच्या ओएम-१ कॅमेऱ्याला आयपी५३ हा धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचा दर्जा आहे. त्यातला ३ म्हणजे वरून आणि तिरक्या येणाऱ्या तुषारांपासून बचाव, बुडवण्यापासून नव्हे. आणि लेन्सला सील नसेल तर पाणी माउंटवरून, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते तिथून, आत जाऊ शकतं.

रानमोगरा
इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. समजा तोल गेला आणि कॅमेरा खाचरात पडलाच, तर? इथे सगळे तांदळात ठेवायला सांगतात.

छोटापाना
दुरुस्तीचं काम करतो म्हणून लिहितो. तांदूळ नको. कॅमेऱ्यातलं पाणी तो ओढून घेत नाही, त्याची भुकटी मात्र फटीत जाते.

पहिल्या क्षणी बॅटरी काढा. कॅमेरा चालू आहे का हे बघायला स्विच दाबायचा नाही, पाणी आणि वीज एकत्र आले की सर्किट जातं. नंतर कार्ड. अंगावर चिखल असेल तर स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्यानं टिपून घ्या, कारण खाचरातल्या पाण्यात युरिया असतो. हेअर ड्रायर मारू नका, गरम हवेनं ओल आणखी आत सरकते. मग जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे, शक्यतो दोन दिवसांत. वाळल्यावर कॅमेरा सुरू झाला म्हणून लोक निर्धास्त होतात, पण आतल्या तांब्यावर हिरवा थर चढतच असतो आणि महिन्याभरानं तो बंद पडतो. मग माझ्या हातात फारसं काही उरत नाही. तेव्हा पट्टा गळ्यात तिरका घाला आणि आखूड करा, वाकल्यावर कॅमेरा पाण्याला टेकणार नाही इतका.

रानमोगरा
आज मधल्या सुट्टीत पिशवी तयार केली. ट्यूबची चकती मस्त बसली. आयकप मात्र प्लास्टिकवरून पूर्ण खाली जात नाही, अर्ध्यात अडकतो. जोर लावू का?

सह्यवारा
जोर नको. आयकप ज्या खाचांतून सरकतो तिथे प्लास्टिकची घडी आली असणार. भोक दोन्ही बाजूंना करंगळीच्या नखाएवढं वाढवा, म्हणजे खाचा मोकळ्या होतील आणि प्लास्टिक फक्त वरच्या कडेला दाबलं जाईल. पाणी वरूनच येतं, तेवढं पुरतं. उरलेल्या फटीवर आतून चिकटपट्टी लावा, पण ती पिशवी कोरडी असतानाच, घरातून निघण्याआधी.