री: री: फ्रीजर दगड, खाली मात्र कोमट – गॅस भरायचा का?

प्रेषक: खजिनदार
नमस्कार मंडळी, वर्गणीची आठवण करायला मेल नाहीये, घाबरू नका. आमचा फ्रीज रुसलाय. डबल डोअर आहे, फ्रॉस्ट फ्री, ९ वर्षं झाली घेऊन, आजवर कधी कुरकुर केली नाही. गेल्या आठवड्यापासून वरचा फ्रीजर एकदम दगड आणि खाली दूध दुसऱ्या दिवशी नासतंय, भाज्या मऊ पडतायत. परवा फ्रीजवाला येऊन गेला, मागे हात लावला, कॉम्प्रेसर चालू आहे म्हणाला आणि लगेच निकाल, गॅस संपलाय, भरावा लागेल. पाच मिनिटंसुद्धा थांबला नाही. भरून घेऊ का? कुणाला अनुभव असेल तर पटकन सांगा, सध्या घरातलं सगळं दूध फ्रीजरमध्ये कोंबलंय.

प्रेषक: एक सभासद
ताई सेम टू सेम आमच्याकडे झालं होतं, आम्ही गॅस भरला, दोन-तीन आठवडे मस्त चाललं आणि परत तेच रडगाणं. शेवटी नवीन घेतला. तुम्ही एकदा फ्रीजरच्या मागच्या भिंतीवरचा बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडून बघा, आमच्या शेजाऱ्यांचा त्यानेच सुरू झाला म्हणे.

प्रेषक: काका (ग्रंथालयवाले)
अरे बाबांनो थांबा!! ताई, गॅस भरू नका आणि तो स्क्रूड्रायव्हर आधी ड्रॉवरमध्ये परत ठेवा. मी आयुष्यभर फ्रीज दुरुस्तीचंच काम केलंय त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

गॅस काही गाडीतलं पेट्रोल नाही रोज थोडं थोडं जळायला. बंद नळीत तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय नुसता भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणं. आणि मुख्य म्हणजे गॅस खरंच कमी असता तर सहसा फ्रीजरही ढिला पडला असता. तुमचा तर दगड आहे! म्हणजे थंडी तयार होतेय, ती खाली पोचत नाहीये.

बहुतेक फ्रॉस्ट फ्री डबल डोअरमध्ये थंडी एकाच ठिकाणी तयार होते, फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड जी कॉइल असते तिथे. तिच्यावरून एक छोटा पंखा हवा फिरवतो, जास्त हवा फ्रीजरमध्ये आणि थोडी एका बोळातून खाली. खालचा कप्पा स्वतः काहीच थंड करत नाही, वरून आलेल्या हवेवर जगतो. आता हवा का येत नाही, तर एक, पंखा बंद. दोन, त्या बोळाच्या तोंडाशी पिशव्या कोंबल्यात किंवा आतली झडप अडकलीये. तीन, कॉइलवर बर्फाची भिंत झालीये. माझा पैसा तिसऱ्यावर.

करायचं काय तर फ्रीजरचं दार उघडा आणि दाराचं बटण बोटाने दाबून धरा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो. दाबल्यावर घरघर ऐकू आली तर पंखा जिवंत. मग मागच्या पॅनलवर हात फिरवून बघा, पांढरी भुकटी किंवा बर्फाचा थर लागला तर कारण सापडलं. त्यानंतर फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाका आणि २४ तास त्याला हात लावू नका. खाली जुने टॉवेल अंथरा, पाणी भरपूर निघतं.

खरवडायचं अजिबात नाही! कॉइल अॅल्युमिनियमची, पातळ. एक टोच बसली की मग गॅस खरंच जाईल आणि फ्रीजही गेला. आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. म्हणून हीटर, मेणबत्ती असले प्रयोगही नकोत.

प्रेषक: एक सभासद
काका माफी!! शेजाऱ्यांना पण सांगतो. बादवे एक जुना पराक्रम कबूल करून टाकतो. फ्रीजच्या नॉबवर १ ते ७ आकडे असतात ना, मी वर्षभर तो १ वर ठेवला होता कारण मला वाटायचं आकडा म्हणजे डिग्री, कमी आकडा म्हणजे जास्त थंड. उलटं निघालं, मोठा आकडा म्हणजे जास्त थंड 🤦 मिसेस अजून ऐकवते.

प्रेषक: काका (ग्रंथालयवाले)
हा पराक्रम बरेच लोक करतात, लाजू नका. आकड्याच्या नादी न लागता थर्मामीटर वापरा. मधल्या शेल्फवर पाणी भरलेला ग्लास ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर सोडा. नुसता हवेत ठेवलात तर दार उघडलं की आकडा नाचतो. सकाळी ४ सेल्सियस किंवा त्याहून कमी दिसलं पाहिजे. फ्रीजरला उणे १८.

प्रेषक: नवीन सभासद (या वर्षीच जॉइन झाले)
नमस्कार, मध्येच घुसते, सॉरी. आमचा जास्तीचा फ्रीज गॅरेजमध्ये आहे. उन्हाळ्यात एकदम छान आणि कडक थंडी पडली की फ्रीजरमधलं आइस्क्रीम पातळ!! बाहेर बर्फ आणि आत वितळतंय, हे काय लॉजिक? हा पण गॅसच का?

प्रेषक: काका (ग्रंथालयवाले)
हाहा नाही, हा बिचारा ठणठणीत आहे. साध्या फ्रीजमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे थंडी बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा, एकच आणि तो खालच्या कप्प्यात. गॅरेजच ४-५ डिग्रीला आलं की त्याला वाटतं झालं काम, तो कॉम्प्रेसर सुरूच करत नाही. फ्रीजरला उणे १८ हवंय हे त्याला कुणी सांगितलंच नाही. आतल्या बाजूला स्टिकर असतो त्यावर क्लायमेट क्लास बघा, म्हणजे बाहेर किती तापमान असताना फ्रीज नीट चालेल त्याची खूण. एसएन असेल तर बाहेर १० ते ३२ डिग्रीसाठी, एन असेल तर १६ ते ३२, एसटी १६ ते ३८, टी १६ ते ४३. तुमच्यावर एन किंवा टी निघेल बहुतेक. थंडीपुरता घरात घ्या. हलवताना आडवा करावा लागला तर उभा केल्यावर लगेच सुरू करू नका, कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते खाली उतरू दे, काही तास तरी थांबा, एक दिवस थांबलात तर उत्तम.

प्रेषक: खजिनदार
काका अपडेट!! बटण दाबलं तर पंखा चालू होता, आणि मागच्या पॅनलवर खरंच पांढरं, नखाने ओढलं तर रेघ उठत होती. सगळं सामान शेजारणीकडे पाठवलं, २४ तास बंद ठेवला. रात्री दोन वाजता आतून धप्प आवाज आला, मी दचकून उठले, तर पॅनलआडचा बर्फाचा तुकडा सुटून पडला होता. चार टॉवेल भिजले. काल सकाळी सुरू केला आणि आज ग्लासातल्या पाण्यात ३ डिग्री!! गॅस न भरता!! आता पार्टी नक्की.

प्रेषक: काका (ग्रंथालयवाले)
पार्टी दोन आठवडे पुढे ढकला. बर्फ तुम्ही काढलात, पण तो साचला का ते अजून कळायचंय. फ्रीज स्वतः दर काही तासांनी कॉइलखालचा एक हीटर थोडा वेळ पेटवून बर्फ वितळवत असतो. ते पाणी एका भोकातून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. यातलं काही बिघडलं असेल तर बर्फ परत येणार. कधी एखाद्या वेळी दार अर्धवट उघडं राहिल्यानेही साचतो, तसं असेल तर सुटलात.

प्रेषक: खजिनदार
सुटले नाही 😞 अकराव्या दिवशी पाणी ८ डिग्री, पॅनल परत पांढरं. पण यावेळी दुसऱ्या फ्रीजवाल्याला बोलावलं आणि दारातच सांगितलं की गॅसचं नाव काढायचं नाही, डीफ्रॉस्ट हीटर (तोच, बर्फ वितळवणारा), त्याचा थर्मोस्टॅट आणि कंट्रोल बोर्ड तपासा. तो माझ्याकडे बघतच राहिला, मग हसला आणि मुकाट्याने पॅनल उघडलं. मीटर लावला तर हीटर पार गेलेला, काचेची नळी एका टोकाला काळी पडलेली, मी हातात घेऊन बघितली. नवीन हीटर टाकला, पाणी जायच्या भोकात एक मटारचा दाणा अडकला होता तोही काढला. गॅस चेक केला का विचारलं तर म्हणाला, कॉइलवर खालपासून वरपर्यंत सारखा बर्फ होता, म्हणजे गॅस पुरेसा आहे. आज विसावा दिवस, पाणी ३ डिग्री.

प्रेषक: काका (ग्रंथालयवाले)
वा!! सगळीकडे सारखा बर्फ, ही खूण मी सांगायची विसरलो, माणूस चांगला भेटला, नंबर जपून ठेवा. आता जाता जाता दोन कामं. प्लग काढून मागची किंवा खालच्या जाळीमागची काळी कॉइल ब्रश आणि व्हॅक्युमने साफ करा, वर्षातून एकदा तरी, घरात कुत्रं-मांजर असेल तर दोनदा. तिथे धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर धापा टाकत बसतो. तुमच्या मॉडेलला कॉइल दिसतच नसेल तर ती बाजूच्या पत्र्याआड असते, तिथे हाताला गरम लागतं ते नॉर्मल, फक्त भिंतीला चिकटवू नका. दुसरं, दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि ओढा. चारी बाजूंनी. सहज निघून आला तर तिथे रबर नीट बसत नाहीये.

प्रेषक: खजिनदार
केलं. घरात वर्गणीच्या पावत्यांशिवाय दुसरा कागद हाताशी नव्हता त्यामुळे पावतीच लावली. बिजागरीकडे घट्ट, वर घट्ट, हँडलच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मात्र सर्रकन हातात आली. कोमट पाण्यात साबण घालून रबराच्या घड्यांतून कपडा फिरवला तर कपडा काळाकुट्ट, कधीतरी सांडलेलं सरबत की काय ते वाळून बसलं होतं. कोरडं पुसून परत लावून बघितली. आता ओढली तर पावती फाटली.