मदत हवी: गाडी आतून 'भारी' वाटायला पैसे नेमके कुठे घालू?

मंडळी, ४ मीटरच्या आतली पेट्रोल एसयूव्ही आहे, मधलं व्हेरिएंट, ३ वर्षं झाली, ३१ हजार किमी. स्क्रीन, सनरूफ सगळं आहे पण बसल्यावर भारी गाडीचा फील काही येत नाही. दार लावलं की पत्र्याचा डबा बंद केल्यासारखा आवाज, आणि एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर ८०-९० ला टायरचा एवढा घोंघाट की मागे बसलेल्या आईशी ओरडूनच बोलावं लागतं.

आतापर्यंत पुढच्या दोन दारांना ब्युटाइल शीटचं डॅम्पिंग (पत्र्याची थरथर दाबणारे रबरी थर आतून चिकटवणं) करून घेतलं, दार आता बऱ्यापैकी 'धप्प' लागतं, पण रस्त्याचा आवाज तसाच. हवा दाराच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणेच भरतो, अलाइनमेंट झालंय. लेदरेट सीट कव्हर पण घातले, दिसायला झकास पण उन्हाळ्यात पाठ भाजते, तो पैसा वायाच गेला म्हणायचा. अँबियंट लाइट वगैरे नको, लग्नाचा मांडव वाटतो.

बजेट ४० हजार, त्याच्या वर बायको जाऊ देणार नाही. वॉरंटी चालू आहे त्यामुळे वायर कापायचं काम नको. टायर कंपनीचेच आहेत, २१५/६० आर१६, नक्षी अजून अर्धी शिल्लक.

तर ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, आधी टायर बदलून कमी आवाजाचे घ्यावेत, का टायर तेच ठेवून व्हील आर्च (चाकावरचा कमानीसारखा पत्रा) आणि फ्लोअरचं डॅम्पिंग करावं? मागच्या सीटवर फरक नक्की कशाने जाणवला?