'चिगाँग'ला मराठीत काय म्हणावं?

चिनी व्यायामावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'चिगाँग'साठी 'चिनी प्राणायाम' चालेल का? आणि 'ताई ची'मधला ची तोच ना?

— नाही, तो ची वेगळा. 'थायची'तला, म्हणजे तुमच्या 'ताई ची'तला, ची म्हणजे टोक, परमावधी. तुमच्या शब्दातली 'छी' म्हणजे श्वास, वाफ, प्राणशक्ती. चिनीच्या जुन्या रोमन लेखनात छ साठी अक्षरापुढे एक टिंबासारखी खूण करायचे. ती छपाईत गळत गेली आणि दोघांचा एकच ची झाला. आपल्याकडे च आणि छ दोन्ही असताना हा घोळ कशाला उसना घ्यायचा? चिनी रोमनमधला 'जी' (g) आपल्या क च्या जवळचा, म्हणून 'छीकुंग'. हा कुंग कुंग-फूमधलाच.

— लिहा बापडे, पण वाचणारा आधी नाक मुरडून 'छी!' म्हणेल :)

— म्हणू दे. छीचं जुनं अक्षर पाहिलंत तर वर वाफ, खाली तांदूळ. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की येते ती! आणि चिनी माणूस रागावला की त्याची 'छी उत्पन्न होते'.

'प्राणायाम' मात्र नको. त्यात कुंग हरवतो. कुंग म्हणजे खपून मिळवलेलं कसब. आपण कमावलेलं शरीर, कमावलेला आवाज म्हणतो, अगदी तेच. शिवाय यात नुसता श्वास नसतो. एका प्रकारात टाचा उचलून सोडायच्या, सात वेळा. दणका बसेल इतपतच, आदळायच्या नाहीत.

— एक भर. 'छीकुंग' हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो १९५०च्या दशकात, लिऊ क्वेईचन यांच्या आरोग्यधामातल्या कामामुळे. त्याआधीचा शब्द 'ताओयिन', म्हणजे वळवणं आणि ताणणं. १९७३ साली हूनान प्रांतात मावांगत्वेईच्या थडग्यात रेशमावरचं चित्र सापडलं, त्यात हे व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या आहेत. थडगं इसवी सनापूर्वी १६८चं. लेख जुन्या काळाबद्दल असेल तर तिथे 'छीकुंग' घालू नका.

— लेख आजचाच आहे. 'छीकुंग' ठेवते, पहिल्या उल्लेखाला 'श्वास कमावण्याचा व्यायाम' जोडते. आता पुढचं: 'पातुआनचिन', छीकुंगमधला आठ व्यायामांचा संच. शब्दशः आठ तुकडे, भरजरी कापडाचे. 'जर' लिहू की 'किनखाब'?

— किनखाब. आणि तुकडे नको, चिंध्या वाटतात. 'किनखाबाचे आठ तागे'.