विक्री २५ टक्के वाढणार, म्हणून ताळेबंदाची प्रत्येक ओळ २५ टक्क्यांनी?

धागाकर्ता: सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीची कर्जमर्यादा) वाढवायला बँकेत जाणारे बरेचसे सीएमए, म्हणजे पुढच्या वर्षांच्या अंदाजी हिशेबांचे तक्ते, एकाच साच्यातले असतात. विक्रीला २५ टक्के वाढ दिली की माल, मजुरी, भाडं, येणी (गिऱ्हाईकांकडून यायचे पैसे), सगळ्यांना तोच टक्का. मला हे साफ चूक वाटतं. शेडचं भाडं विक्रीमागे धावत नाही. उलट लेथ आधीच दोन पाळ्या चालत असेल तर जादा काम नव्या मशीनशिवाय निघायचं नाही. मग घसारा, टर्म लोनचा हप्ता, सगळंच बदललं.

एक सीए: तत्त्व मान्य, आग्रह नको. लघुउद्योगाच्या पाच कोटींपर्यंतच्या लिमिटला रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचं सूत्र आहे: अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल, त्यात २० बँकेचे, ५ मालकाचे. अडीच कोटींची विक्री पटली की ५० लाख. बँक जीएसटी रिटर्न आणि हातातल्या ऑर्डरी बघते. भाड्याच्या ओळीवरून फाइल अडत नाही.

जॉबवर्कवाला, भोसरी: फाइल अडत नाही हो, धंदा अडतो! समजा विक्री २ कोटी, येणी ५० लाख, माल ३०, देणी २५. म्हणजे ५५ लाख अडकलेले. अडीच कोटींवर सगळं प्रमाणात वाढलं तरी ६८.७५. जादा लागले पावणेचौदा लाख. नफा ५ टक्क्यांनी साडेबारा, घरखर्चाची उचल ७, उरले साडेपाच. सव्वाआठ लाख कुठून आणायचे? त्यात गिऱ्हाईकांनी पैसे द्यायला ९० दिवसांचे १२० केले, तर येणी साडेबासष्टऐवजी ८३ लाखांवर. आणि ९० दिवसांपुढची येणी बँका सहसा ड्रॉइंग पॉवरला (लिमिटमधून प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेला) धरत नाहीत.

एक सीए: सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचा कायदा आहे. २०२३-२४ पासून आयकरातल्या तरतुदीमुळे (१९६१च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) मुदत उलटून वर्षअखेरीस थकवलेल्या रकमेची त्या वर्षी वजावटही मिळत नाही.

जॉबवर्कवाला, भोसरी: कायदा आहे, पण पुढची ऑर्डर त्याच गिऱ्हाईकाकडून घ्यायची असते, साहेब.

धागाकर्ता: म्हणूनच येणी टक्क्यांवर नको, दिवसांवर काढा. ताळेबंद जुळेना की तफावत सीसीत टाकतात, पण तिचं व्याज नफ्यात धरत नाहीत. ते धरलं की नफा घटतो, तफावत आणखी वाढते. आकडा स्थिरावेपर्यंत दोन-तीनदा फिरवावंच लागतं. शिवाय विक्री १० टक्केच वाढली तर हप्ता निघतो का, तेही दाखवा.

एक सीए: येणी दिवसांवर काढायला आणि १० टक्क्यांचा तक्ता जोडायला माझी हरकत नाही. बाकी ओळी मात्र मी टक्क्यांवरच ठेवीन.