डोमेन स्वतःचं असू द्या
एकांनी लिहिलंय की दुकानदारांना आता इन्स्टाग्राम पुरेसं आहे, वेबसाइटवर पैसे घालवू नका. मला हे अजिबात पटत नाही. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून (गुगलवर दुकानाची माहिती दाखवणाऱ्या सोयीतून) बनवलेल्या फुकटच्या वेबसाइट गुगलनेच मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. दुसऱ्याच्या जागेवर दुकान थाटलं की हे होणारच. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्या, एकच पान असलं तरी चालेल. आपल्या बेळगावातल्या शहापूरच्या साडीवाल्यांनी, कुंदा (दुधाची मिठाई) विकणाऱ्यांनी तर त्यावर मराठी आणि कन्नड दोन्हीत मजकूर ठेवावाच; आपल्याकडे गिऱ्हाईक दोन्ही भाषांतलं आहे. भाव, दुकानाची वेळ, कुरिअर कुठवर जातं हे टाइप करून लिहा, नुसतं फोटोत नको. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉगही (मालाची यादी) भरा, फुकट आहे. कोल्हापूर-गोव्याच्या गिऱ्हाइकाला तेवढी एक लिंक पाठवली की झालं.