मदत हवी आहे: नवरात्राचे नऊ दिवस निभतात, मग पथ्य चार दिवसही का टिकत नाही?

नमस्कार. गेली काही वर्षे मी येथे केवळ वाचक म्हणून येत आहे. लिहिण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे मजकूर लांबला तर सांभाळून घ्यावे.

माझे वय ४७ वर्षे, उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन ७४ किलो आहे. सांगलीतील एका पतसंस्थेत मी लेखापाल आहे, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत जातात. दोन महिन्यांपूर्वी केलेल्या रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा आकडा, ६.१ निघाला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह, एवढे तेव्हापासून मला पाठ झाले आहे. डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिन्यांची मुदत दिली. पाच किलो वजन उतरवा, रोज चाला, मग पुन्हा तपासू, असे ते म्हणाले. त्यातले आठ आठवडे संपले आणि आज सकाळी काट्यावर ७३.८ दिसले.

कृपया आहाराचे तक्ते देऊ नयेत, अशी आधीच विनंती करते. काय खावे आणि काय टाळावे हे मला चांगले ठाऊक आहे. डॉ. दीक्षितांच्या पद्धतीप्रमाणे मी १९ दिवस फक्त दोन वेळा आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवले. ऋजुता दिवेकरांचे ऐकून तूप-भाताची भीती सोडली. त्याआधी एका व्यायामशाळेतल्या ताईंनी दिलेला ओट्सचा तक्ताही करून पाहिला. ते १९ दिवस सोडले तर दर वेळी सोमवारी सुरुवात होते, गुरुवारपर्यंत उत्साह टिकतो आणि शनिवारी ये रे माझ्या मागल्या. लोकांच्या नव्याचे निदान नऊ दिवस असतात, माझ्या नव्याचे चारच.

माझी खरी घसरण दोन ठिकाणी होते. पहिले ठिकाण म्हणजे रात्री साडेनऊचा ओटा. सगळ्यांची जेवणे आटोपलेली असतात आणि माझेही पोट भरलेले असते. कढईत दोन चमचे बटाट्याची भाजी उरलेली असते. ती डब्यात काढून ठेवावी इतकी जास्त नसते आणि टाकून द्यावी इतकी कमीही नसते. पोळीचा चतकोर असतो, भाताची खरवड असते, मुलाने अर्धा टाकलेला लाडू असतो. अन्न टाकू नये, हे लहानपणापासून कानांवर पडत आले आहे, त्यामुळे उभ्या उभ्या एकेक भांडे रिकामे करत मी ते घासायला टाकते. त्या वेळी मला भूक नसते, आणि चव कळते असेही म्हणवत नाही. मागच्या बुधवारी मी मुद्दाम हे सगळे खाण्याऐवजी एका भांड्यात जमा केले आणि मुलीच्या केक करण्याच्या काट्यावर ठेवले, तर ते २१० ग्रॅम भरले. ताटात वाढून घेतलेले मी मोजत होते, हे मात्र माझ्या खिजगणतीतही नव्हते.

दुसरे ठिकाण कार्यालयातील दुपारचे साडेचार. चहा येतो आणि त्याच्याबरोबर कोणाच्या ना कोणाच्या निमित्ताने कागदी बशीत भडंग, भजी किंवा पेढा येतो. नको म्हटले तर, ‘अहो मॅडम, एका भज्याने काय होते?’ हे ठरलेले उत्तर असते. तीन वेळा नको म्हणण्यापेक्षा एक भजे खाणे सोपे वाटते, आणि एकावर ते कधीच थांबत नाही.

आता ज्या गोष्टीचे मला नवल वाटते ती सांगते. लग्न झाल्यापासून, म्हणजे २२ वर्षे, मी नवरात्राचे उपवास करते. घट बसल्यापासून उठेपर्यंत दिवसा फळ आणि दूध, संध्याकाळी आरतीनंतर थोडी भगर आणि दाण्याची आमटी, एवढ्यावर मी राहते. त्या नऊ दिवसांत रात्री ओटा मीच आवरते, तीच भाजी कढईत उरते, पण ती तोंडात टाकावी हे माझ्या मनातही येत नाही. कार्यालयात भजी आली तर शिपाईदादाच बशी पुढे सरकवत परस्पर सांगतात, ‘मॅडमचे नवरात्र आहे.’ त्यावर कोणी एका भज्याचा आग्रह करत नाही.

म्हणजे निग्रह माझ्याकडे नाही, असे म्हणता येत नाही. तो दहाव्या दिवशी जातो कुठे? देवीचे भय असते म्हणावे तर मी तितकी भाविक नाही. स्वतःच्या प्रकृतीसाठी तोच निग्रह का उभा राहत नाही, आणि तो उभा करण्याचा कोणाला काही मार्ग सापडला असल्यास तो कृपया सांगावा.

— चतकोर

प्रतिसाद: भाकरतुकडा

ताई, निग्रह कुठेही जात नाही. माझ्या मते नवरात्रात तुम्हाला तो फारसा लागतच नाही. घट बसले की काय चालते आणि काय चालत नाही याचा निकाल लागलेला असतो. तो तुम्ही लावलेला नसतो, त्यामुळे भजी समोर आली तरी खटला पुन्हा उभा राहत नाही. पथ्याच्या दिवसांत मात्र सकाळच्या चहातल्या साखरेपासून रात्रीच्या लाडवापर्यंत तुम्ही दिवसातून वीस वेळा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसता. रात्री साडेनऊला, दमलेल्या अंगाने दिलेला निकाल आरोपीच्या बाजूने लागणारच. शिवाय नवरात्र घराला माहीत असते, कार्यालयाला माहीत असते. तुमचे पथ्य मात्र तुम्ही, बहुधा संकोचापोटी, स्वतःपाशीच ठेवले असावे.

म्हणून ‘कमी खाईन’ असा संकल्प करू नका. जुन्या बायका नेम धरत, तेव्हा ‘वांगे कमी खाईन’ असा नेम कोणी धरत नसे. वांगे बंद म्हणजे बंद, आणि बाकी सगळे चालू. तुमचा नेमही इतकाच अरुंद असावा: जेवून हात धुतले की ओट्यावरचे काही तोंडात जाणार नाही. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर लिहिले आहे. मोघम ध्येयापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवलेले माणसांच्या हातून अधिक पार पडते, असे त्याचे म्हणणे आहे. तुमच्या बाबतीत ‘तमुक’ काय असावे, हेही आजच ठरवा. कढईत भाजी उरली की ती लहान डब्यात भरून फ्रिजमध्ये जाईल आणि सकाळी थालीपिठाच्या पिठात पडेल. पोळी उरली तर तिचा कुस्करा होईल. अन्न वाया जात नाही आणि तुमचे पोट म्हणजे कचऱ्याचा डबाही होत नाही. (शब्द कठोर वाटला तर क्षमस्व. माझ्या बहिणीने तो मला ऐकवला होता.)

आणि ओटा रोज तुम्हीच का आवरता, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी मी विचारतो.

प्रतिसाद: उंबरठा

वरील प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. पथ्याला व्रत मानण्यात एक खोच आहे आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. मी गोड बंद करण्याचा कडक नेम धरला होता आणि तो ४१ दिवस पाळला. मग पुतण्याच्या लग्नात पंगतीत जिलबीचा आग्रह झाला आणि मी दोन जिलब्या खाल्ल्या. व्रत मोडले तर मोडलेच, ही आपल्या मनाची जुनी सवय. घरी आल्यावर रुखवतातील लाडू, मग दिवाळी, असे करत पुढचे दोन महिने मी जे खाल्ले त्याला त्या दोन जिलब्यांपेक्षा ‘आता मोडलेच आहे’ हा विचार अधिक जबाबदार होता. व्रताला आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे उद्यापन. दहाव्या दिवशी आपण पुरणपोळीवर ताव मारतो तो हक्काने. पथ्याचे उद्यापन कधी करणार?

सवय लागायला २१ दिवस लागतात, असे सर्रास सांगितले जाते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष तपासले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मध्यक ६६ दिवसांचा निघाला (निम्म्यांना त्याहून कमी दिवस लागले, निम्म्यांना जास्त), परंतु व्यक्तीव्यक्तींमधला पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मला त्यातील दुसरा निष्कर्ष जास्त उपयोगी पडला: एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्याच्या क्रियेत विशेष फरक पडत नाही. तेव्हापासून माझा नियम एवढाच आहे की चूक झाली तर पुढच्या घासापासून पुन्हा सुरुवात करायची, सोमवारची वाट पाहायची नाही. तुमच्या हकिगतीतील सोमवारच मला सर्वांत संशयास्पद वाटतो.

प्रतिसाद: ताकपीठ

मी आहारतज्ज्ञ आहे. तक्ता देत नाही, परंतु वजनाविषयी थोडे सांगते, कारण अनेकांची हिंमत तिथेच खचते. खाणे एकदम कमी केले की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात, पण त्यात चरबी थोडी आणि पाणी पुष्कळ असते. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा वापरला गेला की ते जाते आणि एका लग्नाच्या जेवणानंतर परत येते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी, त्यामुळे आठवड्याला अर्धा किलो उतरणे ही उत्तम गती आहे. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी करावे आणि कमरेचा घेर पंधरवड्याने मोजावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटरच्या आत ही त्याची मर्यादा धरतात.

आपल्याकडील एक आशादायक गोष्टही सांगते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, उंबरठ्यावर असलेल्या माणसांमध्ये केवळ आहार आणि चालणे यांमुळे मधुमेह होण्याची जोखीम सुमारे २८ टक्क्यांनी घटलेली दिसली. तुमचे डॉक्टर अवास्तव काही मागत नाहीत. मात्र रात्रीचे जेवण अजिबात बंद करणे, असे काही त्यांना विचारल्याशिवाय करू नका.

चतकोर (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

‘ओटा रोज तुम्हीच का आवरता’ या प्रश्नाचा मला आधी राग आला, मग तो मी जसाच्या तसा यजमानांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर उठून त्यांनी कढई हातात घेतली आणि ‘हे कुठल्या डब्यात घालायचे?’ असे विचारले. २२ वर्षांच्या संसारात कोणता डबा कशाचा हे त्यांना ठाऊक नव्हते, याचे हसू आवरले नाही. आता आठवड्यातील चार रात्री ओटा त्यांच्याकडे असतो. पहिले तीन दिवस सासूबाईंना ते रुचले नाही. साखरेचा आजार टाळण्यासाठी डॉक्टरांनी तीन महिन्यांचा नेम दिला आहे, असे मी त्यांना सांगितले. ‘पथ्य’ म्हटले असते तर त्यांनी एक लाडू पुढे केलाच असता, पण ‘नेम’ म्हटल्याबरोबर त्यांनी स्वतःहून लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

दोन रात्री मी चुकले. एकदा खरवड खाल्ली आणि एकदा मुलीच्या केकची कडा. उंबरठा यांचे वाक्य आठवून सोमवारची वाट पाहिली नाही. परवा पुन्हा ते भांडे काट्यावर ठेवले, तर ३५ ग्रॅम भरले आणि ते सकाळच्या थालीपिठात गेले. वजन ७३.१ आहे, त्यात पाणी किती हे ताकपीठ यांच्यामुळे आता कळते.

साडेचारचे मात्र अजून जमलेले नाही. घरात नेम सांगता आला, तसा तो कार्यालयात सांगायला जीभ रेटत नाही. आजार सांगितला तर कणव येते आणि वजन सांगितले तर थट्टा होते. पुढच्या आठवड्यात एका सहकाऱ्यांचा निरोप समारंभ आहे, म्हणजे समोसे आणि बालुशाही ठरलेलीच. कोणाचे मन न मोडता बशी परत कशी करावी, याचा अनुभव असल्यास सांगावा.

प्रतिसाद: भाकरतुकडा

नवरात्रात तुमची बशी तुम्ही परत करतच नव्हता, ती शिपाईदादा परस्पर पुढे सरकवत होते. समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांना बाजूला घेऊन तीन महिन्यांचा नेम आहे एवढेच सांगा. आजार, वजन, काही सांगू नका. कागदी बशीऐवजी एक सफरचंद तुमच्या टेबलावर तेच ठेवतील, पण ते तुम्ही घरून न्या.